खंडाच्या रानातलं घर

आमच्या भावकीत लग्न असो, जागरण-गोंधळ असो की तेराव्याचं जेवण, पानं वाढून होईपर्यंत कुणीतरी म्हातारं माणूस ते वाक्य बोलतंच : "इथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. आपण आलो आणि नंदनवन केलं." ऐकणारे माना डोलावतात, वाढपी भात घेऊन येतो आणि विषय संपतो. वाक्य खोटं नाही. कुसळं होती, नंतर ऊस आला, हे सगळं खरं. पण जमीन ज्याची होती तो माणूस त्यातून गळलेला आहे. तो सापडतो आमच्या मोठ्या आईच्या गोष्टींत, आणि तोही विनोदी पात्र म्हणून.

मोठी आई म्हणजे वडिलांची आई. माहेर आणि सासर दोन्ही सासवडचं. १९३४ साली, लग्नाला पुरतं वर्षही झालेलं नसताना, ती बैलगाडीत बसून माळशिरस तालुक्यातल्या वस्तीवर आली. गाडीत जातं, दोन हंडे, बेण्याची पोती, बांधून घातलेली शेळी आणि सासूबाईंनी दिलेली खंडोबाच्या टाकाची डबी. जेजुरीला दर्शन, मग वाल्हं, लोणंद, फलटण, नातेपुते. "पालखीच्या वाटंनंच आलो की आम्ही," ती म्हणायची, "फक्त इठोबाच्या अलीकडंच थांबलो." माउलींची पालखी सासवडहून पंढरपूरला जाते ती याच वाटेने, त्यामुळे रस्ता घरच्या माणसांना पाठ होता. परतीचा मात्र कुणी विचारला नव्हता.

आमच्यासारखे सासवडचे माळी घर सोडून एवढ्या लांब का गेले, याचं उत्तर पाण्यात आहे. कऱ्हेकाठच्या या लोकांच्या हातात मळ्याची विद्या होती, पण जमिनीचे तुकडे लहान आणि पुरंदरचा पाऊस बेभरवशाचा. उन्हाळ्यात विहिरीवर मोट चालवावी तर तास-दोन तासांत तळ दिसायचा. १८८५ च्या सुमारास भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून निंबूत, बारामती, इंदापूरकडे वाहू लागलं. सरकारने कालवा काढला तो दुष्काळ हटवण्यासाठी. अपेक्षा अशी की कोरडवाहू शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी घेतील आणि पाणीपट्टी भरतील. शेतकरी काही खुळा नव्हता. पाऊस बरा झाला तर पाणी कशाला घ्यायचं, आणि नाही झाला तर पट्टी कशाने भरायची? ऊस लावायचा म्हटलं तर बेणं, पेंड, मजुरी, चरक, बैल यांत वर्ष-दीड वर्ष पैसा अडकणार. तेवढं भांडवल त्याच्याकडे नव्हतं आणि सावकार मागेच उभा.

तिथे सासवडकर आले. त्यांना पिकाची माहिती होती, पुण्या-बारामतीच्या गूळ-अडत्यांकडे पत होती. नव्हती ती जमीन. ती त्यांनी स्थानिक मालकांकडून खंडाने घेतली : एकरी इतके रुपये, इतक्या वर्षांसाठी, कागदावर. पुढे कोपरगाव-बेलापूरकडे गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे निघाले तसे काही जण तिकडे सरकले. आमच्या आबांचे, म्हणजे आजोबांचे, वडील बारामतीकडे खंडाने ऊस करत. १९२० च्या दशकाअखेर भाटघरला नवं मोठं धरण झालं, उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे आला, आणि आबांच्या वाट्याला ते नवं रान गेलं. वय वर्षं बावीस.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी भावकीच्या वाक्यात कधी येत नाही. बारामतीकडून लोक हलले ते फक्त नव्या पाण्याच्या ओढीने नाही. डाव्या कालव्याखालच्या कितीतरी जमिनी तोवर बिघडल्या होत्या. काळ्या भारी रानाला वर्षानुवर्षं उसाचं पाणी द्यायचं, निचऱ्याला वाट नाही. मग जमिनीखालची पाण्याची पातळी चढते, ते पाणी खालचे क्षार घेऊन वर येतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. शेत पांढरं पडतं. आमच्याकडे याला मीठ फुटणं म्हणतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या अशा खारवट जमिनींवर अभ्यास केला, तो १९१० साली प्रसिद्धही झाला. म्हणजे आबांच्या जन्माच्या आधीच हे दुखणं कागदावर आलेलं होतं. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली होती. ठरावीक रानाच्या गटाला ठरावीक पाणी, ऊस त्यातल्या एका भागातच, आणि तोही फिरता. वाटणी नीट व्हावी आणि पाण्याची उधळपट्टी थांबावी, हा हेतू. सुरुवातीला बागाईतदारांनी पुष्कळ कुरकुर केली.

आता वस्ती.

पहिलं घर म्हणजे कोपी. मेढी रोवून, वर बांबू बांधून, पाचटाने शाकारलेली. कुडाला आतून शेणामातीचा गिलावा. पहिला पाऊस पडला त्या रात्री छप्पर तीन ठिकाणी गळलं आणि मोठ्या आईने पिठाचा डबा पोटाशी धरून उकिडवं बसून रात्र काढली, असं ती सांगे. साप, विंचू हे रोजचे शेजारी. विंचवासाठी कोनाड्यात तुरटीचा खडा ठेवलेला असे, तीच तुरटी पिण्याच्या पाण्यात फिरवायची, कारण पाणी पाटाचं आणि गढूळ. जवळचं घर अर्ध्या कोसावर. अकलूजचा बाजार आठवड्याला, तो पुरुषांनी करायचा. "पहिल्या वर्षात मी बाईमाणसाशी बोलले ते मोजून," ती म्हणायची. "शेळीशी बोलायची. शेळी शहाणी होती, उलट उत्तर करायची नाही."

माहेरचं माणूस भेटायचं ते आषाढात. सासवडहून सोपानकाकांची पालखी निघते, ती नीराकाठाने बारामतीवरून अकलूजला येते. त्या दिंडीत सासवडच्या आळीतलं कुणी ना कुणी असायचंच. मोठी आई भल्या पहाटे भाकऱ्यांची चवड बांधून अकलूजच्या वाटेला उभी राहायची. पालखीला हात लागायचा तो लागायचा, पण तिचे डोळे असायचे वारकऱ्यांच्या तोंडांवर. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाची विहीर आटली, धाकट्या भावाचं लग्न कुठे ठरलं, हे सगळं ती चालता चालता विचारून घ्यायची. विठ्ठलापेक्षा ती या बातम्यांचीच वाट बघायची, असं एकदा आबांनी म्हटलं तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

कालव्याच्या पाण्यासोबत हिवताप आला. पाझराची डबकी, गळक्या चाऱ्या आणि डास. पोस्टात कोयनेलच्या पुड्या मिळत, पण पोस्ट लांब. पहिला मुलगा, माझा मोठा काका, आठ महिन्यांचा असताना आबा आणि मोठी आई दोघांनाही एकाच दिवशी थंडी वाजून ताप भरला. त्या वेळी पाण्याची पाळी आलेली. पाळी चुकली तर पुन्हा दहा-बारा दिवस पाणी नाही आणि उन्हाळा तोंडावर. मोठी आई उठली. पोराला पाठीला बांधलं, कंदील घेतला आणि रात्री दारे धरायला गेली.

दारे धरणं हे काम न केलेल्याला समजावून सांगणं अवघड आहे. चारीतून पाणी शेताच्या दांडात येतं. दांडाला वाफ्याच्या तोंडाशी खोऱ्याने मातीचा बांध फोडायचा, म्हणजे दारं मोडायचं. पाणी सरीतून शेवटापर्यंत पोहोचलं की तेच तोंड पुन्हा मातीने बुजवायचं आणि पुढचं मोडायचं. अंधारात पाणी कुठवर गेलं ते दिसत नाही. पायाला गार लागलं की समजायचं. डुलकी लागली तर पाणी फुटून शेजारच्या रानात जातं आणि सकाळी भांडण. पायात काही नाही, चिखल घोट्याच्या वर, उसाची पानं हाता-तोंडाला कापत जातात. हे सगळं पाठीवर पोर घेऊन आणि अंगात ताप असताना. पहाटे पाटकरी सायकल घेऊन बघायला आला, तेव्हा बाईमाणूस दारे धरतंय बघून तो गांगरला आणि पाळी अर्धा तास जास्त देऊन गेला. या अर्ध्या तासाचं कौतुक मोठ्या आईला ऐंशीव्या वर्षीही होतं. कालव्याच्या नोंदवहीत तो अर्धा तास अर्थातच कुठे नसणार.

हिवाळ्यात गुऱ्हाळ. तेव्हा वस्तीवर माणसंच माणसं. लोखंडी चरकाला बैलजोड्या फिरायच्या, रस काहिलीत पडायचा, चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस रात्रंदिवस घामाने निथळत बसलेला. रस तापला की त्यात भेंडीचं पाणी. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळायची, तो बुळबुळीत चोथा रसातली घाण धरून वर आणतो, ती मळी झाऱ्याने काढत राहायची. गुळव्या हा त्या दिवसांतला राजा. तो पाक थेंबभर गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायचा, ती भांड्याच्या काठावर टिचकीने मारायचा. टण्ण वाजली की काहील उचला. त्याच्या कानावर सगळ्या वर्षाचा पैसा. एक क्षण उशीर झाला तर गूळ काळा पडणार, लवकर उचलली तर ढेप पावसाळ्यात पाझरणार आणि अडत्या भाव पाडणार. मोठी आई सांगायची, गुळव्याला जेवायला वाढताना तिच्या हाताला कंप सुटायचा, कारण तो रुसला तर संपलंच. काकवी मात्र तिच्या हातची. लोणच्याच्या बरणीतून ती सासवडला जायची, पालखीहून परतणाऱ्यांबरोबर.

चरक ओढणारी जोडी, ऊस तोडणारे, मोळ्या वाहणारे, हे सगळे त्याच परिसरातले. आणि त्यांतच जमिनीचे मालक.

मालकाची गोष्ट अशी. आमचं रान ज्यांच्याकडून खंडाने घेतलं होतं, ते गृहस्थ गावातले मराठा शेतकरी. मोठी आई त्यांना पाटील म्हणे, जरी पाटीलकी त्यांच्याकडे नव्हती. दर दिवाळीला ते खंड न्यायला यायचे. घरात यायचे नाहीत. अंगणात घोंगडी अंथरून बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, आणि रुपये मोजायच्या आधी उठून उसाकडे तोंड करून उभे राहायचे. बोट वर करून सऱ्या मोजायचे. पुन्हा मोजायचे. मग म्हणायचे, "बाई, एवढं वाढलं व्हय ह्या रानात!" मोठी आई त्यांची ही नक्कल इतकी हुबेहूब करायची की आम्ही पोरं हसून लोळायचो. नकलेत आणखी एक तुकडा होता. एका साली पाऊस गेला, तेव्हा पाटील आणि त्यांचा मुलगा दोघे आमच्याकडे ऊस तोडायला आले. मजुरी घेताना म्हातारा म्हणाला, "आमच्याच जमिनीचा ऊस हाय, जरा सांभाळून तोडतो." सगळी वस्ती हसली. पाटीलही हसले.

मोठ्या आईने कधी ही गोष्ट दु:खाची म्हणून सांगितली नाही, आणि तिच्यावर त्याचा ठपकाही नको. ती स्वतः दहा माणसांच्या भाकऱ्या थापत होती. तिच्या दृष्टीने खंड वेळेवर दिला, चहा दिला, सणाला पातळ-खण दिलं, व्यवहार चोख. कागद होता, अंगठा होता. पण खंडाचा हिशेब मांडून बघा. एकरी खंडाचा आकडा वर्षानुवर्षं तोच, गुळाचा भाव चढो की पडो. भाव पडला की आमचं दिवाळं निघायचं हेही खरं. पहिल्या महायुद्धानंतर चढलेले भाव मंदीत कोसळले तेव्हा कितीतरी बागाईतदार बुडाले, आमच्या एका चुलत आजोबांनी बैल विकले. जोखीम आमची होती, म्हणून नफाही आमचा, असं आबा म्हणायचे. यात चूक काही नाही. फक्त एक जोखीम आमची नव्हती. मीठ फुटलं तर ते जमिनीला फुटायचं, आणि जमीन पाटलांची.

तसंच झालं. चाळीसच्या दशकात खालच्या अंगाच्या चार-पाच एकरांत उसाची पोरं पिवळी पडायला लागली. चर काढले, हिरवळीचं खत गाडलं, धनगरांची मेंढरं बसवली. काही फरक पडला नाही. खंडाची मुदत संपली तशी आबांनी तो तुकडा परत केला आणि वरच्या अंगाला दुसऱ्या मालकाचं रान घेतलं. आमच्या भावकीच्या भाषेत याला "पुढं सरकणं" म्हणतात. पाटलांना सरकायला जागा नव्हती.

त्याआधीच पलीकडे मोठ्या गोष्टी घडू लागल्या होत्या. १९३२ साली सरकारने साखर धंद्याला जकातीचं संरक्षण दिलं. देशात तोवर जेमतेम तीसेक साखर कारखाने होते, चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. त्याच १९३२ साली सासवडच्या माळ्यांनी एकत्र येऊन अकलूजजवळ सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. उसाला गिऱ्हाईक म्हणून शेतकऱ्यांनी स्वतः कारखाना उभा करणं, ही त्या काळात केवढी हिंमत! त्या गावाचं नाव माळीनगर. तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण आज तिथेच होतं. गूळ करणं हळूहळू सुटलं, ऊस गाडीने कारखान्याला जाऊ लागला. मोठ्या आईला त्याचं वाईट वाटलं ते एका कारणासाठी, की काकवी संपली. शाळा, दवाखाना, पत्र्याचं घर, विहीर, मग सिमेंटचं घर, सगळं यथावकाश झालं. त्या प्रगतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी आणखी भर घालत नाही.

पण जमिनीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण नव्या पिढीला ते ठाऊक नसतं. १९४८ चा कूळ कायदा आणि त्यातली पुढची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ ला मुंबई राज्यातली बहुतेक कुळं कसेल त्या जमिनीची मालक मानली गेली. उसासाठी खंडाने दिलेल्या जमिनींना मात्र या कायद्याच्या महत्त्वाच्या कलमांतून सूट होती. म्हणजे आबा तिथे वीसहून जास्त वर्षं ऊस करत असूनही कूळ म्हणून मालक झाले नाहीत. काहींनी तेव्हा कायद्याला नावं ठेवली. मला ती सूट त्या एका बाबतीत न्यायाची वाटते, जरी ती पाटलांसारख्यांसाठी नव्हे तर कारखानदारांच्या सोयीसाठी ठेवली गेली असण्याचाच संभव जास्त. कारण खाजगी कारखान्यांनीही शेकडो मालकांच्या जमिनी अशाच खंडाने घेतल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला तेव्हा त्या जमिनी सरकारकडे गेल्या, शेती महामंडळ स्थापन झालं आणि मूळ मालक, ज्यांना आपण आज खंडकरी म्हणतो, ते आपलीच जमीन परत मागत सरकारदरबारी खेटे घालत राहिले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, माणसं वाट बघून गेली. अनेकांना जमीन परत मिळाली ती थेट या शतकाच्या दुसऱ्या दशकात, नातवांच्या नावावर.

आमचा मामला त्या मानाने लहान आणि सरळ. कारखान्याने नव्हे, एका कुटुंबाने खंडाने घेतलेलं रान. आबांनी पन्नासच्या दशकात वरच्या अंगाचं काही रान रीतसर खरेदी केलं, त्यावर आज आमची घरं आहेत. उरलेलं मालकांना परत गेलं. पाटलांच्या पणतवंडांपैकी एक जण तालुक्याला शिक्षक आहे. मागच्या वर्षी त्याच्याकडे जाऊन मी त्यांच्या बाजूच्या गोष्टी विचारल्या. त्यांच्या घरात आमच्या वस्तीबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते : सासवडची एक बाई पोर पाठीला बांधून रात्री दारे धरायची. खंडाच्या रुपयांचा त्यांच्याकडे कुठे उल्लेख नाही, आणि आमच्या नकलेचा तर नाहीच.

मोठी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत खंडाचे जुने करारनामे सापडले, मुद्रांकाच्या पिवळ्या कागदांवर, मोडीत लिहिलेले. मोडी वाचणारे आता थोडे राहिले आहेत, पण आहेत, आणि पुण्यात त्याचे वर्ग चालतात. मी ते वाचून घेतले. प्रत्येक कागदाखाली पाटलांचा अंगठा आहे, निशाणी म्हणून नांगराचं चित्र काढलं आहे, आणि पाणीपट्टी कुणी भरायची, बांधावरची बाभळ कुणाची, हेसुद्धा लिहिलं आहे. जमीन खराब झाली तर काय, याबद्दल एक ओळही नाही.

कालव्याकाठच्या घरांत असे कागद अजून पुष्कळ असतील. वाळवीच्या आधी ते वाचून घ्या, आणि एक झेरॉक्स ज्यांचा अंगठा खाली आहे त्यांच्या घरी नेऊन द्या. मी दिली. शिक्षकांनी ती सातबाराच्या फाइलला लावून ठेवली आहे. खालच्या अंगाच्या त्या चार-पाच एकरांच्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात आजही "पड" लिहिलेलं आहे.